स्तनाच्या कर्करोगावरील संशोधन आणि आपला ताळेबंद

(वार्षिक सर्वसाधारण सभेतील रुग्णालय प्रशासकांचे भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे मला शोभणार नाही. परंतु कोणत्या खर्चातून काय फलित मिळते, हे पाहणे माझे नित्याचेच काम आहे. त्या दृष्टीने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील दोन संशोधने आपणांसमोर ठेवतो.

पहिले डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाताना कर्करोगाच्या पेशी चेतवल्या जात असाव्यात आणि त्यांतून रोग पसरत असावा, असा त्यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी २०११ पासून देशातील ११ केंद्रांत, आरंभीच्या अवस्थेतील सुमारे १,६०० रुग्ण स्त्रियांचा अभ्यास झाला. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचण्यात आले. पुढील उपचार सर्वांना सारखेच मिळाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. म्हणजे शंभरांमागे तीन-चार संसार सावरले. खर्च शंभर रुपयांच्या आत! दात काढताना वापरतात तेच हे औषध. त्यावर कोणाचा एकाधिकार नाही, म्हणून त्याची जाहिरातही कोणी करीत नाही.

मात्र हा लाभ गाठ वेळेत सापडली तरच. दुसरे संशोधन नेमके तेथेच उपयोगी पडते. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा हा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हाताने केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पन्नाशीपुढील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत अशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे.

नांदेड-लातूरच्या खेड्यांतून हे होईल काय? बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिच्या क्षेत्रात आपल्या मराठवाड्यातील परंडा व भूम हे तालुकेही येतात. तेथील कार्यकर्ते नोंदीसाठी गावोगाव फिरले, कारण रुग्ण आपणहून येत नाहीत. मुखेड वा निलंग्याकडील भगिनी सुगी उरकेपर्यंत गाठ लपविते. कित्येकदा सासूलाही सांगत नाही.

गतवर्षी काही देणगीदारांनी मॅमोग्राफी यंत्र देण्याची इच्छा दर्शविली. त्यांचा मी ऋणी आहे. यंत्रावर नामफलक लावता येतो, पगारावर येत नाही, हे मलाही कळते. तरीही माझी विनंती अशी की, प्रथम चार आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण व तीन वर्षांचे वेतन यांची तरतूद व्हावी. सापडलेल्या प्रत्येक गाठीच्या तुकडा-तपासणीसाठी, तसेच रुग्णाच्या प्रवासासाठी व बुडालेल्या मजुरीसाठी स्वतंत्र निधी ठेवावा. गाठ दाखवून पुढची सोय न करणे म्हणजे त्या स्त्रीच्या पदरी नुसती धास्ती बांधणे होय.

यंत्राचा विचार त्यानंतर करू. अंदाजपत्रक विश्वस्तांकडे सोपविले आहे. देणगीदारांनाही ते कार्यालयात पाहावयास मिळेल.