एकादशीचा उपास आणि साखरेची गोळी



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मागचे वारकरी भाकरी-चटणी बांधून निघायचे. आता पडशीत टाळासंगं गोळ्यांची पिशवीही असते. साखरेचा आजार घरोघर आलाय. म्हणून आज त्यावरच चार शब्द बोलतो. आम्ही काही डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून जे पक्कं कळलं, तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट चालण्याची. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघाली की पंढरपूर येईपर्यंत रोज कोसन्‌कोस चालणं. चालण्यानं साखर खर्च होते. गोळीचं माप मात्र घरच्या राहणीवर ठरलेलं असतं. म्हणून प्रस्थानाच्या आधी डॉक्टरांना सांगावं, ‘आम्ही वारीला निघालो, गोळी किती घ्यायची?’

दुसरी एकादशीची. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न असो-नसो, त्या आपलं काम करणारच. सकाळी गोळी घेतली, खाल्लं काही नाही आणि वर चाललो, तर साखर खाली जाते. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा तसं होत नाही. काही जण याच्या उलट करतात. उपास म्हणून गोळी, इन्सुलिन आपल्या मनानं बंद, आणि फराळाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याची साखर लगेच होते. मग साखर चढते. दोन्ही वाटा वाईटच.

तिसरी झाडपाल्याची. कारल्याचा रस, मेथ्या, गुडमार यांनीही साखर उतरू शकते. गोळी चालू असताना वरून हे प्यालं, तर जोडीनं जास्त उतरायची भीती. घ्यायचंच असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.

चौथी दुसऱ्या आजाराच्या औषधाची. गुडघ्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं की साखर भडकते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळीनं, साखरेच्या गोळीबरोबर घेतली तर, ती एकदम खालीही जाऊ शकते. रक्तदाबाची अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल साखर उतरल्यावरची धडधड, थरथर झाकून टाकते. घाम मात्र सुटतो. म्हणून वाटेत कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी सांगा, ‘मला साखर आहे, या या गोळ्या चालू आहेत.’ जुलाब-उलट्या लागल्या, पाणी कमी झालं, तर मेटफॉर्मिन चालू ठेवायची का, तेही लगेच विचारा.

आता ओळख. दिंडीत कोणी गरगरून बसला की आपण म्हणतो, ‘ऊन लागलं.’ साखरेचा माणूस असेल, घाम फुटला असेल, हात कापत असतील, बोलणं अडखळत असेल, तर साखर उतरली असं धरा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्या. पंधरा मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. सावरला की भाकरी, दूध असं काही खाऊ घाला. मग एकटं सोडू नका. गोळीचा जोर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्याला घरातली साखर लवकर लागू पडत नाही, त्याला ग्लुकोजच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, घास अडकतो. 108 ला फोन लावा.

म्हातारी माणसं विचारतात, ‘महाराज, एकादशीला साखर तोंडात घातली तर उपास मोडला का?’ माऊली, उपवास म्हणजे जवळ राहणं, देवाजवळ राहणं. जीव वाचवायला घेतलेल्या चमचाभर साखरेनं देव दूर जात नाही, असं आम्ही मानतो. ज्याला उपास झेपत नाही त्यानं नामाचा उपास करावा, भाकरी वेळेवर खावी.

येत्या वारीपासून आपण एक करू. साखर असलेल्यांची नावं आणि गोळ्या वहीत लिहून चोपदारांकडे द्यायच्या. चोपदारांच्या पिशवीत ग्लुकोजचा पुडा ठेवायचा. शंभर वर्षं दिंडीनं माणसं सांभाळली, पुढंही सांभाळायची आहेत.

रामकृष्ण हरी!