साखळी कुणाची? एका संगमरवरी पुतळ्याची गोष्ट

आजचा भाग एका पुतळ्यावर आहे. पण आधी एक छोटी गंमत सांगतो.

अमेरिकेच्या काँग्रेसने होरेशिओ ग्रीनो नावाच्या शिल्पकाराकडून जॉर्ज वॉशिंग्टनचा भव्य पुतळा करून घेतला. १८४१ मध्ये तो कॅपिटॉलमध्ये बसवला आणि लोक बघतच राहिले. राष्ट्रपिता सिंहासनावर बसलेला, कमरेच्या वर उघडा, अंगाभोवती रोमन वस्त्र, पायात सँडल! भरपूर थट्टा झाली. दोन वर्षांनी पुतळा बाहेर हिरवळीवर नेऊन ठेवला.

ग्रीनोचं डोकं फिरलं नव्हतं बरं का. देश नवा होता, राजा नको होता. मग मोठेपणा दाखवायचा कसा? युरोपातल्या राजांची चित्रभाषा चालणार नव्हती. म्हणून त्यांनी थेट जुनं रोमन प्रजासत्ताक आणि अथेन्सची लोकशाही गाठली. इमारतींना खांब, पुतळ्यांना पांढरा संगमरवर. यालाच निओक्लासिकल शैली म्हणतात. चांगला दगड आणि तयार कारागीर इटलीत, म्हणून अमेरिकन शिल्पकार फ्लॉरेन्स आणि रोमला जाऊन राहायचे.

त्यातलाच एक हायरम पॉवर्स. हा माणूस मला लगेच आवडला, कारण मुळात तो मेकॅनिक. सिनसिनाटीत घड्याळांच्या कारखान्यात काम केलेलं, नंतर एका म्युझियमसाठी मेणाचे हलते पुतळे बनवलेले. १८३७ मध्ये तो फ्लॉरेन्सला गेला आणि तिथे त्याने 'द ग्रीक स्लेव्ह' केला. एक तरुण मुलगी, पूर्ण नग्न, दोन्ही मनगटांत साखळी. शेजारच्या खांबावर तिचे कपडे आणि एक छोटा क्रॉस. गोष्ट अशी, की ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात तुर्कांनी तिला पकडलंय आणि बाजारात विकायला उभं केलंय.

मी हा पुतळा पहिल्यांदा ब्राउझरमध्ये पाहिला. स्मिथसोनियनने त्याच्या प्लास्टरच्या मूळ प्रतीचं थ्रीडी स्कॅन केलंय. त्या प्लास्टरवर मापं घेण्यासाठी मारलेले बारीक बिंदू आहेत. त्यांच्या आधाराने यंत्राने अंतरं मोजायची आणि कारागिरांनी तेच माप संगमरवरात उतरवायचं. अशा पूर्ण उंचीच्या सहा प्रती निघाल्या. म्हणजे एक सोर्स फाइल आणि सहा बिल्ड! मी अर्धा तास मॉडेल फिरवत बसलो होतो. बिंदू बघितले, खांदे बघितले, केसांची वळणं बघितली. साखळीही बघितली. पण 'गुलाम' हा शब्द वाचून पुढे काही सुचलं नाही.

अमेरिकन प्रेक्षकांचंही तेच झालं. १८४७ पासून हा पुतळा तिकीट लावून गावोगाव फिरला. लाखाहून जास्त लोकांनी पाहिला. नग्न पुतळा बघायची लोकांना सवय नव्हती, म्हणून काही ठिकाणी बायका आणि पुरुषांच्या वेळा वेगळ्या ठेवल्या. पाद्र्यांनी सांगितलं, ही नग्नता अश्लील नाही, ती नाइलाजाने उभी आहे, तिची श्रद्धा हेच तिचं वस्त्र. लोक गहिवरले. हा दौरा न्यू ऑर्लिन्सलाही गेला. तेव्हा देशातला गुलामांचा सगळ्यात मोठा बाजार न्यू ऑर्लिन्समध्येच होता. तिथे खऱ्याखुऱ्या मुली विकल्या जात होत्या, आणि त्याच शहरात लोक तिकीट काढून संगमरवरी मुलीसाठी हळहळत होते.

सगळ्यांनाच ते दिसलं नाही असं मात्र नाही. गुलामगिरीविरोधी लोकांनी तेव्हाच हा ढोंगीपणा बोलून दाखवला. १८५१ मध्ये पुतळा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मोठ्या प्रदर्शनात गेला, तेव्हा 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनिएलचं एक व्यंगचित्र आलं: 'व्हर्जिनियन स्लेव्ह'. तशीच उभी, तशीच साखळी, पण बाई काळी.

आणि मग जूनमध्ये तिघंजण त्या प्रदर्शनात आले. विल्यम वेल्स ब्राउन, विल्यम क्राफ्ट आणि त्याची बायको एलन. तिघंही अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळालेले. एलन रंगाने इतकी उजळ होती की १८४८ मध्ये ती गोऱ्या मालकाचा पुरुषी वेश करून, नवऱ्याला आपला नोकर म्हणून दाखवून, जॉर्जियातून रेल्वे आणि बोटीने निसटली होती. १८५० च्या कायद्यामुळे उत्तरेतही त्यांना पकडून परत पाठवता आलं असतं, म्हणून ते इंग्लंडला आले. ब्राउनने ते व्यंगचित्र पुतळ्याशेजारी ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, ही घ्या ग्रीक मुलीची जोडीदारीण. आजूबाजूला अमेरिकन लोक होते. कुणी वाद घालायला पुढे आलं नाही.

मला राहून राहून एलन दिसते. जिला खरोखर विकता आलं असतं ती बाई त्या पुतळ्यासमोर उभी आहे.

पॉवर्सने १८६६ मधल्या प्रतीत एक बदल केला. नाजूक साखळी काढली आणि आडव्या दांड्याच्या खऱ्या बेड्या घातल्या. तोवर यादवी युद्ध संपलं होतं. पुढच्याच वर्षी रोममध्ये एडमोनिया लुईसने 'फॉरएव्हर फ्री' पूर्ण केलं. वडील आफ्रिकन वंशाचे, आई ओजिब्वे वंशाची. तिचा कृष्णवर्णीय पुरुष उभा आहे, वर केलेल्या हातात तुटलेली साखळी, शेजारी गुडघ्यांवर बसलेली बाई. दगड तोच पांढरा, शैली तीच, शहरही त्याच रांगेतलं. पण साखळी कुणाची, हे तिथे आडून सांगितलेलं नाही.

म्हणून ही शैलीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. दूरच्या माणसाचं दुःख सुंदर करून दाखवलं की आपण मोकळेपणाने रडू शकतो, कारण त्याबद्दल आपल्याला काही करावं लागत नाही. ब्राउनने एक कागद शेजारी ठेवला आणि ती सोय काढून घेतली. मी ते मॉडेल परत उघडलं, तेव्हा आधी मनगटांवर झूम केलं.

आजच्यापुरतं इतकंच. तुम्हाला असं एखादं चित्र किंवा पुतळा आठवत असेल, तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.