हंगामाचे पाहुणे



अंदमानचे नाव मराठी माणसाला शाळेतच भेटते. 1911 ते 1921 अशी दहा वर्षे स्वातंत्र्यवीर सावरकर तेथे बंदिवासात होते. त्यामुळे आपल्याकडील मनुष्य त्या बेटांवर प्रथम जातो तो यात्रेकरूच्या भावनेने. सेल्युलर तुरुंगातील त्यांच्या कोठडीपुढे मस्तक नमवून झाले, की मग तो प्रवासी बनतो आणि बहुधा बोटीत बसून हॅवलॉक बेटाकडे निघतो. 1943 साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी या द्वीपसमूहांना शहीद व स्वराज अशी नावे दिली होती. त्यांच्या स्मरणार्थ 2018 च्या अखेरीस हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप असे ठेवण्यात आले. गेल्या पौषात आम्ही पतिपत्नी तेथे सहा दिवस राहून आलो. त्या सहा दिवसांतील सुखदुःखांचा जमाखर्च आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

ठरीव दौऱ्यातील मंडळींबरोबर न जाता, पाठीवर मावेल एवढेच सामान घेऊन आपल्या बेताने हिंडावे, असे आम्ही योजिले होते. नागपूरहून आगगाडीने चेन्नई, तेथून जहाजाने सुमारे तीन दिवसांत श्रीविजयपुरम्, म्हणजे 2024 पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, आणि पुढे सरकारी बोटीने अडीच तासांत स्वराज द्वीप, असा हा मार्ग आहे.

प्रथम जमेची बाजू सांगतो. राधानगरचा किनारा पाहिल्यावर डोळे निवतात. शुभ्र वाळूचा विस्तीर्ण पट्टा, पुढे निळे-हिरवे पाणी, आणि पाठीशी उंच वृक्षांची गर्द राई. त्या वृक्षांना तेथील लोक समुद्री महुआ म्हणतात. आपल्या रानातला मोह तो हा नव्हे. परंतु कुळ एकच, आणि आपला चिकूही त्याच कुळातला, हे कळल्यावर माझ्या पत्नीला परमुलखात नातलग भेटल्याचा आनंद झाला. घड्याळ मात्र तेथे आपणास फसविते. घाटंजी आणि ते बेट यांच्या रेखांशांत सुमारे 15 अंशांचे अंतर आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तासाभराचे. घड्याळ उभ्या देशाचे एकच असल्यामुळे पौषात तेथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि चहाच्या वेळी दिवेलागण होते.

आता खर्चाची बाजू. ज्या घरी आम्ही उतरलो, तेथे दूरध्वनीवर सांगितलेले भाडे एक आणि हातावर ठेवावे लागलेले भाडे दुसरे, असा प्रकार झाला. स्नानास दोघांत मिळून दोन बादल्या पाणी. भरतीच्या वेळी रमणीय दिसणारा विजयनगरचा किनारा ओहोटीला प्रवाळाच्या खडकांनी भरून जाई, आणि वाळूतील सूक्ष्म माशा पायांची चाळण करीत. वारा उठल्यामुळे परतीची बोट एक दिवस सुटलीच नाही. ज्या राईत सकाळी पाखरे ऐकली, तिच्याच आडोशाला रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता.

दोन बादल्यांचा हिशेब मला उलगडेना. अंदमानात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या जवळजवळ तिप्पट. मग टंचाई कशाची? विचार करता उत्तर भूगोलाच्या पहिल्या धड्यातच सापडले. बेट लहान, उतार आखूड, मोठी नदी नाही. पडलेले पाणी फार काळ न थांबता समुद्रास मिळते. पाऊस वैशाखापासून कार्तिकापर्यंत. पुढे चार-पाच महिने आभाळ कोरडे राहते, आणि समुद्र शांत असल्यामुळे याच महिन्यांत प्रवाशांची रीघ लागते. सारांश, पाहुण्यांचा हंगाम आणि पाणी आटण्याचा हंगाम तेथे एकच आहे. 2011 च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची वस्ती 3,80,581 होती. आणि 2020 पूर्वीच्या काही वर्षांत तेथे दरसाल चार लाखांहून अधिक प्रवासी गेले. घरच्यांहून पाहुणे अधिक असे ते घर आहे.

या बेटावरील बहुतेक लोक पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आले. 1950 नंतरच्या दशकात सरकारने त्यांना तेथे वसविले. त्यांनी रान तोडून भातशेती केली, नारळ व सुपारी लावली. आमच्या घरमालकिणीशी माझ्या पत्नीचे विहिरीवर सूत जमले. ती तिला दीदी म्हणे. भाड्याच्या फरकाविषयी विचारता ती म्हणाली, "दीदी, तुम्ही सांगितले त्या दिवशी विहिरीत पाणी होते. आता मी टाकी विकत आणते. तांदूळ सोडला तर सारे बोटीने येते. बोट चुकली की तुमचा एक दिवस जातो, आमचा बाजार जातो." भाडे वाढल्याचे तिने आधी कळवावयास हवे होते, हे माझे मत कायम आहे. तथापि तिच्या बोलण्यातील हिशेब खोडून काढता येण्याजोगा नव्हता.

बेटाची सुधारणा होत नाही, असे कोणी म्हणू नये. 2020 साली चेन्नईहून समुद्रतळाशी टाकलेली तार या बेटापर्यंत पोहोचली आणि दूरसंदेशाची सोय झाली. त्याच वर्षी राधानगरच्या किनाऱ्यास स्वच्छतेचा आंतरराष्ट्रीय निळा ध्वज मिळाला. परंतु तार पाहुण्यास बोलावून आणते. त्याच्या स्नानाचे पाणी ती आणीत नाही. ध्वज किनाऱ्यावर फडकतो. राईमागचा ढीग त्याच्या दृष्टीआड राहतो. सुधारणेचा क्रम पाण्यापासून व केरकचऱ्यापासून सुरू व्हावा, आणि पाहुण्यांची संख्या खोल्यांवरून न ठरता विहिरींवरून ठरावी, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रवाशानेही आपली रिकामी बाटली आपल्या पिशवीतून परत न्यावी. वाळूतील प्रवाळ खिशात घालणे कायद्याने निषिद्ध आहे. ज्याला कायदा ठाऊक नसेल, त्याने शेजारधर्म म्हणून ते तेथेच राहू द्यावे.

घाटंजीच्या माणसाने बेटाची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. आपल्या शिवेला लागूनच टिपेश्वरचे अभयारण्य आहे. तेथे व्याघ्रदर्शनासाठी दूरदूरचे पाहुणे येऊ लागले आहेत. वाघ हमखास दिसतो तो उन्हाळ्यात, पाणवठ्यावर. म्हणजे आपल्या विहिरी तळ गाठतात त्याच महिन्यांत. पाहुणा यावा, त्याच्या पैशाने चार घरांची चूल पेटावी, यात आनंदच आहे. मात्र त्याच्यासाठी घागर भरताना घरच्या लेकराचा तांब्या रिता राहू नये, ही व्यवस्था पहिला उतारू येण्यापूर्वी करावी लागते. हंगाम सुरू झाल्यावर ती करावयास कोणालाही सवड नसते. स्वराज द्वीपातील त्या गृहिणीची विहीर मला हेच शिकवून गेली.