महाड-पोलादपूरचा ताप आणि फ्लूची लस

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत इमारत, खाटा आणि नवी यंत्रसामग्री यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज मी ज्या कामाचा प्रस्ताव मांडणार आहे, त्याला वेगळी खोली लागत नाही आणि फारसा खर्चही येत नाही. परंतु ज्या रुग्णाकडून आपण काही घेणार आहोत, त्याला त्याचा तत्काळ लाभ नाही, हेही आरंभीच स्पष्ट केलेले बरे. काम आहे तापाच्या रुग्णांच्या नाकातील व घशातील स्रावाचे नमुने घेऊन ते नियमितपणे पुण्याला पाठविण्याचे.

भातलावणी सुरू झाली की आपला बाह्यरुग्ण विभाग तापाच्या रुग्णांनी भरून जातो. शेतातील चिखलात उभे राहणाऱ्यांचा ताप म्हटला की आपण प्रथम लेप्टोस्पायरोसिसचा विचार करतो. मलेरिया आणि डेंग्यू यांच्या चाचण्या होतात. या तिन्हींत जे बसत नाही, त्याला आपण 'व्हायरल' असे नाव देतो आणि केसपेपर बंद करतो. या 'व्हायरल'मध्ये इन्फ्लुएन्झा, म्हणजेच फ्लू, किती असतो आणि तो कोणत्या प्रकारचा असतो, याची नोंद आपल्याकडे होत नाही.

फ्लूचा विषाणू हा वेष पालटणारा शत्रू आहे. देवीचा विषाणू पिढ्यान् पिढ्या जवळजवळ तसाच राहिला, म्हणून एका लसीने त्याचे उच्चाटन करता आले. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्युरामिनिडेज ही दोन प्रथिने असतात. एच1एन1, एच3एन2 या नावांतील 'एच' आणि 'एन' ती हीच. विषाणू आपली नक्कल करताना चुका करतो आणि त्या चुकांमुळे या प्रथिनांचे रूप हळूहळू बदलत जाते. गेल्या वर्षीच्या आजाराने किंवा लसीने शरीरात निर्माण झालेली प्रतिपिंडे नव्या रूपाला नीट ओळखत नाहीत. म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते आणि तिचे घटकही वारंवार बदलावे लागतात.

घटक ठरतात कसे, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या प्रस्तावाचा आधार तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1952 मध्ये फ्लूच्या विषाणूंवर लक्ष ठेवणारे जाळे उभारले. आज शंभराहून अधिक देशांतील राष्ट्रीय केंद्रे त्यात आहेत. योगायोग असा की, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे आपण जिला एनआयव्ही म्हणतो, तीही 1952 मध्येच 'व्हायरस रिसर्च सेंटर' या नावाने सुरू झाली. ती या जाळ्यातील भारताचे राष्ट्रीय केंद्र आहे. रुग्णांचे नमुने तिथे तपासले जातात आणि निवडक विषाणू लंडन, मेलबर्न, टोकियो यांसारख्या ठिकाणच्या सहयोगी केंद्रांकडे जातात. वर्षातून दोनदा तज्ज्ञांची बैठक होते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी लसीत कोणते विषाणू असावेत, हे तिथे ठरते. त्यानंतर लस तयार होऊन हाती यायला सहा महिने तरी लागतात. म्हणजे पुढच्या हंगामात विषाणू कोणत्या रूपात येईल, याचा अंदाज अर्धे वर्ष आधी बांधावा लागतो.

विषाणू बदलला हे ओळखण्याची जुनी रीत मोठी देखणी आहे. फ्लूचा विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकत्र चिकटवतो. योग्य प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव मिसळला की हे चिकटणे थांबते. मुंगसासारखा दिसणारा फेरेट नावाचा लहान प्राणी आहे. त्याला लसीतील विषाणूची लागण करून त्याचा रक्तद्रव घेतात आणि तो नव्या विषाणूला कितपत रोखतो, हे पाहतात. रोखण्याची क्षमता आठपट किंवा त्याहून अधिक घटली, तर विषाणू दूर गेला असे मानतात. या प्राण्याचे फ्लूशी नाते जुने आहे. 1933 मध्ये लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा केला गेला तो फेरेटमध्येच, आणि त्या प्रयोगांत एक आजारी फेरेट शिंकल्यामुळे खुद्द संशोधकालाच फ्लू झाला! आता या चाचणीच्या जोडीला विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडाही वाचला जातो.

तरीही ही पद्धत चुकारपणा करते. 2009 च्या जागतिक साथीतील एच1एन1 विषाणूचा कॅलिफोर्निया प्रकार 2016 पर्यंत लसीत कायम होता. फेरेटच्या रक्तद्रवाला जुने व नवे विषाणू सारखेच दिसत होते. काही प्रौढ माणसांच्या रक्तद्रवात मात्र फरक आढळू लागला. मग सप्टेंबर 2016 मध्ये त्याच्या जागी मिशिगन प्रकार निवडला गेला. अंदाज पूर्ण फसण्याचेही उदाहरण आहे. 2014-15 च्या हिवाळ्यात एच3एन2 विषाणू लसीपासून दूर सरकला आणि अमेरिकेत त्या वर्षी लसीची एकूण परिणामकारकता 20 टक्क्यांच्याही खाली आली.

आता आपल्या देशाकडे वळू. ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, ते दिवस येथील अनेकांना आठवत असतील. त्याहून बोधप्रद वर्ष मला 2015 वाटते. त्या वर्षी देशात 42 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे तीन हजार माणसे दगावली. मार्चमध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी, भारतातील विषाणूत घातक बदल झाला असावा, असे प्रसिद्ध केले. आरोग्य मंत्रालयाने आणि एनआयव्हीने ते फेटाळले. वाद कोणी जिंकला, यापेक्षा तो कशाच्या बळावर उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे. त्याआधीच्या दोन वर्षांत जगाला खुल्या असलेल्या संग्रहांत भारतातून आलेल्या अवघ्या दोन विषाणूंची ही माहिती उपलब्ध होती. एवढ्या मोठ्या देशाविषयी दोन नमुन्यांवरून विधान करावे लागले आणि ते खोडून काढण्यासाठीही मूठभरच पुरावा सर्वांसमोर होता. लोक मरत होते आणि लस चालेल की नाही, हा प्रश्न खराच होता.

एनआयव्हीच्या पुढाकाराने 2004 पासून पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, दिब्रुगड अशा ठिकाणी नमुने गोळा होऊ लागले. त्यातून हंगामांचे चित्र हाती आले. श्रीनगरला फ्लू हिवाळ्यात वाढतो, चेन्नईकडे ईशान्य मोसमी पावसात, तर पुण्याला जुलै ते सप्टेंबरमध्ये. परंतु ही बहुतेक शहरे आहेत. पुणे जिल्ह्यातील वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने 2009 च्या साथीत व नंतर ग्रामीण रुग्णांची अशी नोंद ठेवली, आणि गावातही फ्लूमुळे माणसे रुग्णालयात दाखल होतात, हे आकड्यांनी दाखवले. केईएमही विश्वस्त संस्थेचेच रुग्णालय आहे, हे मी मुद्दाम सांगतो.

महाड-पोलादपूरचा ताप पुण्याहून वेगळा असेल का? कदाचित नसेल, पण इथली एक गोष्ट निराळी आहे. ऐन फ्लूच्या दिवसांत गणपती येतात. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी एसटी आणि खाजगी गाड्या भरभरून सावित्रीच्या खोऱ्यात उतरतात, वाडीवाडीत एका घरात पंधरा-वीस माणसे आठवडाभर राहतात आणि परत जातात. महानगरातील विषाणू दुर्गम वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोहोचण्यास यापेक्षा सोपी वाट नाही. ती वाट कोणी मोजलेली माझ्या पाहण्यात नाही.

लहान गावातून काय होणार, अशी शंका महाडकरांनी तरी घेऊ नये. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची निरीक्षणे चिकाटीने टिपली आणि प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचे त्यांचे लेखन 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यांच्याकडेही मोठी प्रयोगशाळा नव्हती.

प्रस्ताव साधा आहे. ताप 38 अंश सेल्सिअस किंवा अधिक, सोबत खोकला, आणि आजार दहा दिवसांच्या आतील, अशा रुग्णांपैकी दर आठवड्याला ठरावीक थोड्यांचे नमुने घ्यायचे. डॉक्टरांना 'वेगळे' वाटणारेच रुग्ण निवडले तर चित्र वाकडे होते. म्हणून ठरलेल्या दिवशी येणारे पहिले काही रुग्ण घ्यावेत. वय, गाव, आजाराचा पहिला दिवस आणि लस घेतली होती का, एवढे नोंदवावे. रुग्णाला स्पष्ट सांगावे की, अहवाल येईपर्यंत तुम्ही बहुधा बरे झालेले असाल. हा नमुना पुढच्या वर्षीच्या लसीसाठी आहे. आपली माणसे याला नकार देतील असे मला वाटत नाही. मात्र न सांगता नमुना घेणे मला मान्य नाही. हे सर्व जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या आणि एनआयव्हीच्या संमतीनेच व्हावे.

खरी अडचण वाटेची आहे. नमुना विशिष्ट द्रावणात, बर्फाच्या पेटीत, सुमारे 4 अंशांवर ठेवून तीन दिवसांच्या आत पोहोचला पाहिजे. पुण्याचा जवळचा रस्ता वरंध घाटाचा, आणि नेमक्या फ्लूच्या महिन्यांत तो दरडींमुळे वारंवार बंद ठेवावा लागतो. जुलै 2021 चा पूर आणि तळियेची दरड यांनंतर त्याविषयी कोणाला वेगळे सांगायला नको. माणगावमार्गे ताम्हिणीने पेटी पाठविण्याची पर्यायी व्यवस्था आधीच लावून ठेवावी लागेल. विश्वस्तांकडे मी पैसे मागतो ते मुख्यतः या पेट्यांसाठी आणि वाहनासाठी.

जोडीला लसीविषयी एक सूचना. आपल्याकडे लाट पावसाळ्यात येते, म्हणून ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया, मधुमेह व दम्याचे रुग्ण आणि आपले स्वतःचे कर्मचारी यांनी एप्रिल-मे महिन्यांत लस घेणे इष्ट. खरेदी करताना औषध विभागाने वेष्टनावरील हंगाम व वर्ष वाचावे. आदल्या सप्टेंबरमध्ये ठरलेली दक्षिण गोलार्धाची लस त्या वेळी सर्वांत ताजी असते. 'चार घटकांची लस का नाही?' असे कोणी विचारल्यास सांगावे की बी-यामागाटा हा प्रकार मार्च 2020 नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, म्हणून 2023 पासून तो वगळण्याची शिफारस आहे. जगभरच्या हजारो नमुन्यांत तो मिळाला नाही, म्हणूनच हे म्हणता आले.

मंडळाने मान्यता दिली, तर जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी परिचारिकांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागेल. त्यासाठी दोन दुपारी पुरेशा आहेत.