चित्रपटाचे दुसरे आयुष्य

25 जून 1982 रोजी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ हा विज्ञानपट प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे स्वागत थंडपणानेच झाले. दिग्दर्शक रिडले स्कॉट यांचे नाव ‘एलियन’ (1979) या चित्रपटामुळे गाजलेले होते, नायकाच्या भूमिकेत हॅरिसन फोर्ड यांच्यासारखा लोकप्रिय नट होता आणि निर्मितीवर सुमारे तीन कोटी डॉलर खर्च झाले होते. परंतु दोनच आठवडे अगोदर स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ई. टी.’ झळकला होता. परग्रहावरून आलेल्या त्या लाघवी पाहुण्याने प्रेक्षकांना असे काही जिंकून घेतले होते, की पाऊस, धूर आणि काळोख यांनी भरलेले भविष्य पाहण्याची कोणास फारशी इच्छा उरली नव्हती. ज्यांच्या 1968 सालच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला होता, ते फिलिप के. डिक त्याच वर्षी मार्च महिन्यात निवर्तले होते. पूर्ण झालेला चित्रपट त्यांना पाहावयास मिळालाच नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगणे इष्ट होईल. काळ नोव्हेंबर 2019, स्थळ लॉस एंजेलिस. माणसाने स्वतःसारखेच हुबेहूब दिसणारे कृत्रिम जीव निर्माण केले आहेत आणि परग्रहांवरील कष्टाच्या कामासाठी त्यांना गुलामासारखे राबविले जात आहे. यांपैकी काही जण पळून पृथ्वीवर येतात, कारण त्यांचे आयुष्य अवघ्या चार वर्षांचे ठेवलेले असते आणि ते वाढवून घ्यावे, एवढीच त्यांची मागणी असते. त्यांना हुडकून ठार करण्याचे काम नायकाकडे येते. या कृत्रिम जीवांना आपल्या छायाचित्रांचे विलक्षण ममत्व वाटते. त्यांच्यातील एका तरुणीच्या मनात तर दुसऱ्याच कोणाच्या आठवणी भरलेल्या असतात आणि त्या आपल्याच, असे ती मानीत असते. सिड मीड यांच्या कल्पनेतून साकारलेले नगर आणि व्हँजेलिस यांचे संगीत यांमुळे या कथेला एक विषण्ण भव्यता लाभली आहे.

1982 साली प्रेक्षकांनी पाहिला तो चित्रपट मात्र स्कॉट यांच्या मनातील नव्हता. चाचणीदाखल केलेल्या खेळांत प्रेक्षक गोंधळले, म्हणून पैसा पुरविणाऱ्यांनी नायकाच्या तोंडी स्पष्टीकरणपर निवेदन घातले आणि शेवट सुखाचा करून टाकला. त्या सुखान्तासाठी लागणारी डोंगरदऱ्यांची हवाई दृश्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन न वापरता उरलेल्या फितींतून घेण्यात आली. उसन्या निसर्गावर बेतलेला हा शेवट चित्रपटाच्या एकंदर प्रकृतीस मुळीच मानवणारा नव्हता.

येथवरची हकीकत अपयशी ठरलेल्या कोणत्याही चित्रपटाची असू शकेल. पुढचा भाग मात्र वेगळा आहे. व्हिडिओ कॅसेट घरोघर पोचू लागण्याचा तोच काळ होता. चित्रपटगृहात एकदा पाहून न समजलेला हा चित्रपट लोक भाड्याने आणून पुनःपुन्हा पाहू लागले. प्रत्येक चौकटीत इतका तपशील खच्चून भरलेला होता, की फीत थांबवून पाहण्यातच खरी गोडी होती. अशा रीतीने त्याचा एक भक्तसंप्रदाय तयार झाला. ज्याला ‘कल्ट’ चित्रपट म्हणतात, तो जाहिरातीने घडत नाही. थोड्या लोकांच्या हट्टी प्रेमातून आणि दीर्घ कालावधीतून तो घडतो.

मे 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या फेअरफॅक्स चित्रपटगृहात या चित्रपटाचा 70 मिलिमीटरचा खेळ ठरला होता. पडद्यावर आली ती मात्र निराळीच प्रत. सुखान्त नसलेली आणि निवेदन जवळजवळ नसलेली ही प्रत 1982 मध्ये चाचणीसाठी तयार केलेली होती आणि नंतर कंपनीच्या तळघरात पडून राहिली होती. पुढच्या वर्षी तिच्या खेळांना जी गर्दी लोटली, तिच्यामुळे 1992 मध्ये ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ आणि 2007 मध्ये अंतिम आवृत्ती निघाली. 2007 च्या तबकड्यांच्या संचात तर पाच निरनिराळ्या आवृत्त्या एकत्र मिळत होत्या. एक वस्तू कोठेतरी शिल्लक होती, म्हणून हे सारे घडू शकले. आपल्याकडील पहिला बोलपट ‘आलम आरा’ (1931) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, हे आठवले म्हणजे तळघरातील त्या डब्याचे मोल कळते.

इंटरनेटवरून चित्रपट घरी पाहण्याची, म्हणजे स्ट्रीमिंगची, पद्धत रूढ झाल्यावर या वस्तूचे स्थानच बदलले. नेटफ्लिक्स ही कंपनी 1998 पासून तबकड्या टपालाने पाठवीत असे. 2007 मध्ये तिने स्ट्रीमिंग सुरू केले आणि सप्टेंबर 2023 मध्ये तबकड्यांचे काम कायमचे बंद केले. डिसेंबर 2020 मध्ये, कोविडच्या साथीने चित्रपटगृहे ओस पडलेली असता, वॉर्नर ब्रदर्सने 2021 चे आपले सर्व चित्रपट अमेरिकेत चित्रपटगृहांबरोबरच घरच्या पडद्यावरही आणण्याचे जाहीर केले. त्यांत ‘ड्यून’ होता. त्याचे दिग्दर्शक डेनिस व्हिल्नव्ह यांनी जाहीर पत्र लिहून या निर्णयाचा निषेध केला. 2017 मध्ये ‘ब्लेड रनर’चा उत्तरार्ध याच व्हिल्नव्ह यांनी दिग्दर्शित केला होता, हा योगायोग लक्षणीय होय.

त्यांची तक्रार मुख्यतः मोठ्या पडद्यासंबंधी होती आणि ती रास्तही होती. तथापि पडद्याच्या आकारापेक्षा मोठा प्रश्न ताब्याचा आहे. पूर्वी जो चित्रपट पाहावयास महानगर गाठावे लागे, तो आता आडगावातही पाहता येतो, हा लाभ लहान नव्हे. परंतु पाहणाऱ्याच्या हाती काही राहत नाही. कॅसेट एकदा विकली गेली, की ती परत मागण्याचा अधिकार कंपनीला उरत नसे. स्ट्रीमिंगमध्ये एका कळीसरशी चित्रपट सर्व घरांतून एकाच वेळी नाहीसा होऊ शकतो. 12 मे 2023 रोजी डिस्नेच्या सेवेवर ‘क्रेटर’ हा चंद्रावरील वसाहतीतल्या मुलांचा विज्ञानपट आला. तो चित्रपटगृहात लागलाच नव्हता. खर्चकपातीच्या धोरणात 30 जून रोजी तो सेवेवरून काढून टाकण्यात आला. काही महिन्यांनी तो पैसे भरून पाहण्याची सोय झाली खरी, पण पहिल्या प्रेक्षकांना त्याची ओळख होण्यासाठी मिळाले होते ते अवघे सात आठवडे. ‘ब्लेड रनर’ला दहा वर्षे लागली होती.