चाळीतील गायन पार्ट्या आणि जागवलेल्या रात्री

(मंडळाच्या जयंती महोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्हां ज्येष्ठांकडून धम्म, राज्यघटना, शिक्षण अशा विषयांवर चार शब्द अपेक्षिले जातात. यंदा मात्र तरुण कार्यकर्त्यांनी आग्रह धरला की, "काका, तुम्ही मुंबईला रात्र-रात्र गायन पार्ट्या ऐकत होता, त्याविषयीच बोला, आमच्या मुलांना पार्टी म्हटले की केकच आठवतो." ते खरेच आहे. आमच्या चाळीत 'पार्टी आली' अशी हाक उठली की टॅक्सीच्या टपावर बांधलेली पेटी, बगलेत ढोलकी, चादरीत गुंडाळलेला बेंजो आणि भर एप्रिलात गळ्याला मफलर लावलेला गायक, असे दृश्य डोळ्यांपुढे उभे राही. बेंजो म्हणजे आमचे बुलबुलतरंग. टंकलेखनयंत्रासारख्या कळा असलेले हे वाद्य त्या काळी गायन पार्टीची ओळख होते.

येथे 'आम्ही' म्हणतो तो मोठेपणासाठी नव्हे. नायगाव, वरळी, डिलाईल रोड येथील बी.डी.डी. चाळी, माटुंगा लेबर कॅम्प आणि घाटकोपरची रमाबाई कॉलनी येथून नोकरीसाठी आखातात आलेले काही जण आज या सभागृहात बसले आहेत. बोलणारे तोंड एक असले तरी आठवणी सर्वांच्या आहेत.

बी.डी.डी. चाळी ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत आठ-दहा माणसे राहत. बायका-मुले आत निजत, पुरुषमंडळी गॅलरीत, जिन्याखाली, पदपथावर पथारी पसरीत. तेव्हा रात्र ही आमच्याकडे मुळातच घराबाहेरची होती. त्यात गिरण्यांच्या तीन पाळ्या. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटे आणि घामाने भिजलेली माणसे डबा हातात घेऊन थेट मांडवात येऊन बसत. म्हणून कार्यक्रमाला खरा रंग बाराच्या पुढेच चढे. जाणते गायक आपले उत्तम गाणे दुसऱ्या पाळीच्या माणसांसाठी राखून ठेवीत. त्या आधी जी गाणी होत ती पोरांसाठी आणि माईक तपासण्यासाठी, असे आमचे एक वृद्ध शेजारी म्हणत.

दोन चाळींच्या मधल्या पटांगणात बाकडी जोडून रंगमंच उभा राही. वर ताडपत्री, मागे निळे कापड, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, पुढे चटया, खांबावर दोन भोंगे. १४ एप्रिलची जयंती आमच्याकडे मे महिन्याच्या अखेरपर्यंत चाले. याचे कारण साधे होते: नावाजलेला गायक एका रात्री एकाच चाळीत गाऊ शकतो, आणि वर्गणी सगळ्यांची एकाच वेळी जमत नाही. सुपारी द्यायला कार्यकर्ते महिना-दोन महिने आधी गायकाच्या घरी जाऊन बसत. प्रारंभी त्रिसरण-पंचशील होई, मग अध्यक्षांचे भाषण, जे कोणी ऐकत नसे, आणि मग ढोलकीवर थाप पडे.

ही परंपरा चाळीत आकाशातून पडलेली नव्हती. सत्यशोधकी जलशांच्या वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचा सांगाडा घेतला, परंतु त्यातील देवस्तुती, गौळणीचा शृंगार आणि बाईचा नाच वगळून त्या जागी सवाल-जवाब, पाणवठ्याचा आणि मंदिराचा प्रश्न, शिक्षणाचा आग्रह आणला. कर्डकांनी पुढे १९७८ मध्ये या जलशांवर पुस्तकही लिहिले. बाबासाहेबांचे आपल्या दहा भाषणांच्या बरोबरीने एक जलसा मोजणे ही गोष्ट जुने कार्यकर्ते मोठ्या अभिमानाने सांगत. तमाशाच्या पैशाविषयी बाबासाहेब किती काटेकोर होते हेही सर्वश्रुत आहे. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या लढ्यासाठी खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा स्त्रियांच्या नाचावर मिळालेला तो पैसा त्यांनी नाकारला. गाण्यात करमणूक किती आणि प्रबोधन किती, हा वाद आमच्या चळवळीत असा आरंभापासूनच आहे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. सोंगे आणि संवाद मागे पडले, गायक आणि कोरस पुढे आले. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, 'अल हिलाल' चित्रपटातील इस्माईल आझाद यांच्या कव्वालीने सारी मुंबई वेडी केली. आमच्या गायकांनीही टाळीचा तो ठेका उचलला आणि त्यावर भीमगीते बांधली. मग आले सामने. समोरासमोर दोन रंगमंच किंवा एकाच मंचाची दोन टोके, इकडे एक पार्टी, तिकडे दुसरी. एकाने गाण्यात प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर द्यायचे. महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला, काळाराम मंदिराचा केव्हा, पुणे करारावर सह्या कोठे झाल्या, बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात कोणी पाठविले! उत्तर अडले की श्रोत्यांतून शिट्ट्या पडत. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा आमच्या आयांना १९२७, १९३०, १९३२ ही साले तोंडपाठ होती, ती याच रात्रींमुळे. आम्ही बाबासाहेबांचे चरित्र वाचले ते पुष्कळ नंतर; ऐकले मात्र चटईवर आईच्या मांडीवर डोके ठेवून.

सगळेच काही उदात्त नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पहाटे तीननंतर सवाल घसरत. समोर स्त्री गायिका असली तर द्व्यर्थी चरण येत आणि पुढे बसलेले लोक नोटा उडवीत. पाच रुपये देणाऱ्याचे नाव माईकवरून पुकारले जाई आणि त्या नावासाठी घरचा किराणा थकविणारे बापही आम्ही पाहिले आहेत. स्त्रिया गॅलरीतून ऐकत. मध्येच एखादी खाली येऊन नवऱ्याला मनगट धरून घेऊन जाई आणि तेवढ्यापुरती कव्वालीपेक्षा तीच अधिक टाळ्या मिळवी.

त्या काळचे गायक आमच्या दृष्टीने चित्रपटनटांहून मोठे होते. नायगावात १९३१ साली जन्मलेले विठ्ठल उमप आमच्या परिसराचेच. त्यांचा आवाज भोंग्याविना पलीकडच्या चाळीत जाई, असे लोक म्हणत. २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात व्यासपीठावरच ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विदर्भातून येणारे नागोराव पाटणकर, अशी किती नावे घ्यावीत! प्रल्हाद शिंदे यांच्याविषयी आमच्यात भांडणे होत. ज्या गळ्यातून भीमगीत निघते त्याच गळ्यातून पंढरीची गाणी निघावीत, हे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना रुचत नसे. परंतु ते गाऊ लागले की भांडणारेच सर्वांत पुढे जाऊन बसत. पोट सांभाळणाऱ्या कलावंताचा हिशेब आपण घेऊ नये, हे आम्हांला उशिरा कळले.

वामनदादा कर्डक यांचे स्थान वेगळे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा मुलगा मुंबईत आला, तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. कोणी पत्र वाचायला दिले आणि वाचता येईना, ती लाज त्यांना इतकी लागली की मोठेपणी ते अक्षरे शिकले. १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन करून त्यांनी आरंभ केला आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत गावोगाव फिरत ते लिहीत-गात राहिले. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा येई. ती काढून आपले नाव घालणारे महाभागही होते. एका रात्री एका गायकाने असेच केले, तेव्हा दुसऱ्या पाळीहून आलेला एक साचेवाला मांडवात उभा राहिला आणि म्हणाला, "बुवा, गाणं ज्याचं त्याच्या नावानं म्हणा." ढोलकी थांबली. गायकाने हात जोडले आणि कडवे पुन्हा म्हटले, या वेळी वामनदादांच्या नावाने. त्या साचेवाल्याला सहीसुद्धा येत नव्हती.

पुढे आम्ही इकडे आलो. आठ जणांची खोली, दुमजली पलंग, वीतभर जागा. शुक्रवारी सुटी असे. आता २०२२ पासून येथे शनिवार-रविवार झाला, पण आमच्या शरीराला अजून शुक्रवारचीच सवय आहे. आवाज मोठा करण्याची सोय नव्हती, म्हणून टेपरेकॉर्डर उशीत खुपसून आम्ही भीमगीते ऐकत असू. आमच्या वरच्या पलंगावर पेशावरकडचा एक पठाण ड्रायव्हर होता. एके रात्री त्याने खाली डोके काढून विचारले, "ये तो हमारी कव्वाली है, अल्फाज किसके हैं?" आम्ही अर्थ सांगितला. त्यानंतर पुष्कळ शुक्रवारी तो मूळ शब्द म्हणत असे आणि आम्ही आमचे. ठेका एकच. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे पूर्ण कळले नाही आणि कोणी तक्रारही केली नाही.

आखातातून पहिल्या सुटीला जाताना आम्ही टू-इन-वन नेला. चाळीत तो यंत्र कमी आणि सार्वजनिक मालमत्ता अधिक झाला. कार्यक्रम असला की मंचाच्या कडेला भोंग्याखाली तो ठेवायचा आणि दर अर्ध्या तासाने एकाने धावत जाऊन कॅसेट उलटायची. १९८३ मध्ये आमच्या पटांगणात वामनदादांचा कार्यक्रम झाला. गाण्यांच्या मध्ये ते बोलत, थट्टा करीत, गाणे कसे सुचले ते सांगत. ते बोलणे कोणत्याच पुस्तकात नाही. ती ६० मिनिटांची कॅसेट आम्ही घरी ठेवून इकडे परतलो.

त्या वेळी पत्रांऐवजी कॅसेटी पाठविण्याची रीत होती. तीन वर्षांनी घरून एक कॅसेट आली. धाकट्याचे बोबडे बोल, थोरल्याने म्हटलेले पाढे, "पैसे मिळाले, काळजी नसावी" हे पत्नीचे शब्द, मागे आईचा खोकला. कोरी कॅसेट घरात नव्हती. तिने हाताला लागली ती घेतली होती. चोविसाव्या मिनिटाला "आता ठेवते" असे ती म्हणते, खट् असा आवाज होतो आणि एका कडव्याच्या मध्यावर वामनदादांचा आवाज सुरू होतो. सहा मिनिटे. मग फीत संपते. दुसऱ्या बाजूलाही घरच्यांचेच बोलणे आहे. त्या वेळी आम्ही संतापून घरी कडक पत्र लिहिले, त्याची आजही लाज वाटते. आई पुढल्या वर्षी गेली. तिचा आवाज तेवढाच उरला आहे, आणि तो वामनदादांना पुसून उरला आहे. या कॅसेटीकडे कोणत्या नजरेने पाहावे हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही. पाढे म्हणणारा मुलगा आज येथे ध्वनिव्यवस्था पाहतो आहे.

त्या रात्री का संपल्या, याचे उत्तर एक नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुष्कळ जण परत आत गेलेच नाहीत. मध्यरात्री सुटणारी पाळी गेली, तसा मध्यरात्रीचा श्रोताही गेला. कॅसेट स्वस्त झाली आणि गाणे माणसाशिवाय घरी येऊ लागले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतरचे भोंगे बंद केले. आजारी माणसांचा आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा विचार करता त्या नियमाला नावे ठेवता येत नाहीत. आमच्यापैकी कित्येकांनी त्याच भोंग्यांखाली मॅट्रिकचा अभ्यास केला आणि काही नापासही झाले. आज मिरवणुकीत डीजे असतो. त्याने छाती हादरते, शब्द मात्र ऐकू येत नाही, एवढेच आमचे म्हणणे. बाकी मराठवाड्यातील कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात आणि तुम्ही मुले ते फोनवर आम्हांला ऐकविता, तेव्हा परंपरा मेली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

चाळीही जात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकसित इमारतींतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा रहिवाशांना मिळाला. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, स्वतःच्या शौचालयासह. आमच्या आयांनी जन्मभर ज्याची वाट पाहिली ते नातसुनांना मिळाले. पटांगण आता तसे राहणार नाही. त्याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार दूर देशी वातानुकूलित खोलीत बसलेल्या आम्हांला कितपत आहे, याचा विचार आम्ही करतो.

आता मंडळाच्या वतीने एक विनंती. तुमच्या माळ्यावर, कपाटात, गावी पाठवायच्या सामानात जुन्या कॅसेटी असतील. वर हिंदी चित्रपटाचे किंवा 'मामाचे लग्न' असे लिहिले असले तरी टाकू नका. आत काय आहे, शेवटच्या सहा मिनिटांत काय आहे, हे कोणी सांगावे! घरच्या यंत्रावर लावून पाहू नका, कारण जुनी फीत चिकटते आणि तुटते. भोजनानंतर प्रवेशद्वाराजवळ एक टेबल मांडलेले असेल, तेथे मुलांनी यंत्र आणि संगणक आणला आहे. कॅसेट देताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या वस्तीतली, साधारण कोणत्या सालची आणि आवाज कोणाकोणाचे ओळखू येतात. गायकाचे नाव ठाऊक नसेल, पण मागे 'वन्स मोअर' म्हणून ओरडणारा तुमचा चुलता असेल, तर त्याचेही नाव लिहा. मूळ कॅसेट त्याच दिवशी परत मिळेल. आमची पहिली नोंदविली आहे, दोन्ही बाजूंसह.

जय भीम!