वसईच्या किल्ल्यांत



यंदा आम्ही नवी मुंबईहून वसईची खाडी ओलांडून किल्ला पाहण्यास गेलों. १५३४ सालीं पोर्तुगिजांस मिळालेलें व १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं जिंकलेलें हें प्राचीन बंदर. छप्पर हरपलेल्या ख्रिस्तमंदिरांच्या भिंतींवर अनेकांनीं नांवें खरडलेलीं दिसलीं. आमच्याच एका मुलानें खडू काढला. आम्ही त्याचा हात धरला. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन बंधु झाले, १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं प्राण वेंचला आणि १८६२ सालीं त्यांस संतपद लाभलें. त्यांचें नांव राहण्यास दगड खरवडावा लागला नाहीं. मुलानें खडू खिशांत ठेविला. बंधूंनो, त्या भिंती पुढील पिढीस अशाच मिळोत.